येवल्याचा निश्चय : अस्तित्ववाद, वंशद्वेष आणि आपण



ही व्याख्यानमाला एका सरांच्या स्मृतीला वाहिली आहे. ते आयुष्यभर शिक्षक होते. शिक्षकाला आदरांजली वाहायची तर एखादा अवघड प्रश्न नेटाने हाती घ्यावा, असे मला वाटते. म्हणून मी थेट विषयालाच हात घालतो.

अस्तित्ववाद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस येते. वंशद्वेष म्हटले की अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका आठवते. दोन्ही गोष्टी आपल्याला दूरच्या वाटतात. माझे म्हणणे असे की या दोन विषयांची गाठ जिथे सर्वांत घट्ट पडली, ते गाव आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. ते गाव म्हणजे येवला.

१३ ऑक्टोबर १९३५ या दिवशी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की, अस्पृश्य हिंदू म्हणून आपण जन्माला आलो, ते आपल्या हातात नव्हते. पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, पॅरिसमध्ये ज्याँ-पॉल सार्त्र यांनी एक जाहीर व्याख्यान दिले. दुसऱ्या वर्षी ते पुस्तकरूपाने आले आणि अस्तित्ववादाची ओळख म्हणून जगभर वाचले गेले. त्याचा गाभा एवढाच की माणूस आधी अस्तित्वात येतो आणि तो कोण आहे, हे नंतर त्याच्या निवडींतून ठरते. जन्माच्या आधी कोणी त्याचा साचा तयार करून ठेवलेला नसतो.

आंबेडकर अस्तित्ववादी होते, असा दावा मी करत नाही. कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्युई यांच्या हाताखाली शिकले आणि शेवटी बुद्धाच्या वाटेने गेले. त्यांच्या विचाराला युरोपातल्या एखाद्या पंथाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मला सांगायचे आहे ते वेगळे. येवल्यात आणि पॅरिसमध्ये एकाच प्रश्नाला उत्तर दिले जात होते : माणूस कोण आहे हे त्याचा जन्म ठरवतो का? येवल्याचे उत्तर आधी आले, आणि ते देणाऱ्या माणसाने त्याची किंमत स्वतःच्या देहावर मोजली होती. येवला वगळले तर पॅरिसचे उत्तर अपुरे राहते.

पदरी पडलेले आणि हाती असलेले

वंशद्वेषाची रूपे अनेक आहेत, पण त्याच्या मुळाशी एकच विधान आहे : तू कोण आहेस हे तुझ्या जन्माआधीच ठरले आहे. तुझी बुद्धी, तुझ्या चारित्र्याची पातळी, तुझी स्वच्छता, तुझी लायकी हे सगळे तुझ्या रक्तात, कातडीत, कुळात लिहिलेले आहे. आयुष्यभर तू काहीही केलेस तरी ते लिहिलेले बदलणार नाही. गुलामांच्या बाजाराने हेच सांगितले, नाझी राजवटीने हेच सांगितले आणि मनुस्मृतीच्या व्यवस्थेने हेच सांगितले.

अस्तित्ववाद या विधानाच्या मुळावर घाव घालतो. सार्त्र यांनी १९४३ साली, जर्मन फौजा पॅरिसमध्ये असताना, आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात माणसाच्या आयुष्याचे दोन पदर त्यांनी वेगळे करून दाखवले. एक पदर म्हणजे आपल्या पदरी पडलेले वास्तव. कोणत्या घरात जन्मलो, कातडीचा रंग कोणता, मातृभाषा कोणती, काल काय घडून गेले, हे आपण निवडलेले नसते. दुसरा पदर म्हणजे या वास्तवाला आपण काय अर्थ देतो, त्याला घेऊन कुठे निघतो. पहिला पदर कोणालाच टाकून देता येत नाही. पण तोच म्हणजे संपूर्ण माणूस, असे ज्या क्षणी कोणी म्हणते, त्या क्षणी माणसाची वस्तू होते. दगड हा दगडच असतो. माणूस मात्र अजून पुरा व्हायचा असतो.

आता येवल्याचे ते वाक्य पुन्हा मनाशी आणा. त्याच्या पूर्वार्धात पदरी पडलेले आहे, उत्तरार्धात हाती असलेले आहे. बाबासाहेब जन्म नाकारत नाहीत, तो लपवत नाहीत, त्याबद्दल खंतही करत नाहीत. ते फक्त त्याला शेवटचा शब्द होऊ देत नाहीत. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ज्याला शेकडो पाने लागली, ते येवल्याच्या मंडपातल्या शेतमजुराला एका वाक्यात समजले, कारण त्याने ते रोज भोगले होते.

हा निश्चय रागाच्या भरात झालेला नव्हता. घोषणेनंतर बाबासाहेबांनी वेगवेगळ्या धर्मांचा अभ्यास केला, लोकांशी चर्चा केली, मने तयार केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली. सार्त्र म्हणतात की मी स्वतःसाठी निवड करतो तेव्हा माणसाने कसे असावे हे सगळ्यांसाठीच सांगत असतो, म्हणून निवडीचे ओझे जड असते. ते ओझे एका माणसाने २१ वर्षे वाहिले आणि मग लाखो माणसांनी त्याच्यासोबत उचलले. निवडीच्या जबाबदारीचे याहून मोठे उदाहरण विसाव्या शतकात मला दिसत नाही.

काळाराम मंदिराच्या चार दरवाजांवर

येवल्याला पोहोचण्याचा रस्ता नाशिकच्या पंचवटीतून गेला. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिरावर गेली. दरवाजे बंद होते. लोक गोदाकाठी परतले, तिथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. पहिल्या तुकड्यांत स्त्रियाही होत्या. गांधीजींची दांडीयात्रा सुरू व्हायला अजून काही दिवस होते. रामनवमीच्या रथाच्या वेळी तडजोड ठरली आणि मोडली. दगडफेक झाली, डोकी फुटली. त्यानंतर नाशिकच्या आसपासच्या गावांत सत्याग्रहींच्या घरच्यांना त्रास सोसावा लागला. दिंडोरी तालुक्यातून आलेले दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा वर्षानुवर्षे नेटाने चालवला. पाच वर्षे उलटली तरी दरवाजे उघडले नाहीत.

मग हा लढा हरला का? इथे एक पत्र महत्त्वाचे आहे. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना लिहिले की, मंदिरप्रवेशाची चळवळ आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण सुरू केली नव्हती, आणि प्रवेश मिळाल्याने ते समान होतील असेही आपल्याला वाटत नव्हते. लोकांमध्ये बळ यावे, आपण कुठे उभे आहोत याची त्यांना जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग होता. आता ते काम झाले आहे आणि शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवायला हवी.

या पत्रात मला अस्तित्ववादाचे सार दिसते. सत्याग्रही मंदिराच्या दारात बसला तेव्हा तो रामाकडे काही मागत नव्हता. आपल्याविषयी व्यवस्थेने जे ठरवले आहे ते आपल्याला मान्य नाही, एवढेच तो आपल्या बसण्यातून सांगत होता. आल्बेर काम्यू यांनी १९५१ साली बंडखोर माणसावर ग्रंथ लिहिला. आजवर निमूट हुकूम पाळणारा गुलाम अचानक 'इथपर्यंत, याच्या पुढे नाही' असे म्हणतो, तेव्हा त्या नकारातच एक होकार असतो, असे ते सांगतात. आपल्यात असे काहीतरी आहे ज्याला कोणी हात लावू नये, हे त्याला त्या क्षणी कळते. पंचवटीतल्या सत्याग्रहींना ते १९३० साली कळले होते. दरवाजे बंद राहिले. त्यांच्यासमोर बसलेली माणसे मात्र पूर्वीची राहिली नाहीत. म्हणून तो लढा हरला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नजर

अस्तित्ववादाने वंशद्वेषाच्या अभ्यासाला जी सर्वांत मोठी देणगी दिली ती म्हणजे नजरेचे विश्लेषण. दुसऱ्याच्या नजरेखाली मी मला स्वतःला वस्तूसारखा दिसू लागतो. हा अनुभव सगळ्यांना थोडाफार येतो, पण सगळ्यांच्या नजरांना सारखे बळ नसते. ज्याच्यामागे राज्य, धर्म आणि मालमत्ता उभी असते, त्याची नजर शिक्का मारून जाते.

सार्त्र यांनी १९४६ साली यहुदी-द्वेषावर पुस्तक लिहिले. यहुद्यांविषयीचा द्वेष यहुद्यांच्या कुठल्या दोषातून येत नाही, तो द्वेष करणाऱ्याच्या मनातून येतो, असे त्यांनी दाखवले. आपल्या आयुष्याची जबाबदारी, आपले अपयश, आपली अनिश्चितता सोसवत नाही म्हणून माणूस एक शत्रू गाठतो आणि त्याच्या तुलनेत जन्मानेच थोर होऊन बसतो. काही न करता मिळणारा हा थोरपणा. पुस्तकावर योग्य आक्षेपही आले. यहुद्यांना स्वतःचा इतिहास, ग्रंथ, परंपरा आहेत. ते केवळ द्वेष्ट्याच्या नजरेची निर्मिती नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही, द्वेषाचे कारण द्वेष्ट्याकडे शोधा, ही सार्त्र यांची सूचना आजही आपल्या उपयोगाची आहे.

या सूचनेला खरी धार आणली ती फ्रांझ फॅनन यांनी. मार्टिनिक बेटावर १९२५ साली जन्मलेले हे कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्समध्ये शिकले, अल्जीरियात रुग्णालयात काम केले, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात उतरले आणि १९६१ साली अवघ्या ३६व्या वर्षी गेले. १९५२ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. एक गोरे मूल त्यांच्याकडे बोट दाखवून घाबरून आईला बिलगते. त्या क्षणी शिकलेला, फ्रेंच बोलणारा, स्वतःला माणूस समजणारा हा तरुण नुसती कातडी होऊन उरतो. फॅनन सार्त्र यांना मानत, पण त्यांनी सार्त्र यांना सुनावलेही. कृष्णवर्णीयांच्या अस्मितेला सार्त्र इतिहासाच्या प्रवासातला एक तात्पुरता टप्पा म्हणाले होते. फॅनन यांचे उत्तर असे की, ज्याला आयुष्य त्याच कातडीत काढायचे आहे त्याला ती टप्पा म्हणून जगता येत नाही.

ही दुरुस्ती आपण नीट लक्षात घ्यायला हवी. 'मी जात मानत नाही' असे म्हणणे ज्याला परवडते, त्याला जातीने कधी अडवलेले नसते. ज्याला ती रोज दारात अडवते, त्याने जात विसरावी असा उपदेश करणे हा अन्यायच आहे.

दोन खोल्या

जात दारात कशी अडवते, याचे दोन पुरावे मराठी माणसाच्या अनुभवातून देतो. पहिला १९१७ सालचा. कोलंबिया आणि लंडन इथे शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांनी बिंग फुटले आणि काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. पुढे स्वतःच्या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले.

दुसरा पुरावा कथेतला. बाबुराव बागूल आपल्या नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांचा जन्म १९३० सालचा, म्हणजे काळाराम सत्याग्रहाच्याच वर्षातला. २००८ साली नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. १९६३ साली त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि जात न सांगता राहतो. त्याच्या बुद्धीचे, कवितेचे कौतुक होते. जात कळते आणि तेच लोक त्याला बेदम मारतात. त्याच्या मदतीला धावून येतो तो काशीनाथ, ज्याने आपली जात कधीच लपवलेली नसते.

त्याच १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठी समीक्षेत अस्तित्ववादाची चर्चा बहुतेक वेळा 'कोसला'पाशी सुरू होते, आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याचे एकाकीपण व निरर्थकतेची जाणीव यांवर आजवर भरपूर लिहिले गेले. ते योग्यच झाले. पण बागुलांची कथा आपण सामाजिक वाङ्मयाच्या कप्प्यात ठेवून दिली, ही चूक झाली असे मला वाटते. मी कोण आहे, मला कोण ठरवते, लपवले तर मी उरतो का आणि सांगितले तर जगतो का, हे प्रश्न अस्तित्वाचे नाहीत तर कशाचे आहेत? पांडुरंगला जगाचा अर्थ लागत नाही. बागुलांच्या नायकाला जगाने त्याचा अर्थ आधीच लावून दिला आहे, आणि तो अर्थ काठीने त्याच्या अंगावर उमटतो. दुसरी वेदना पहिलीपेक्षा कमी तात्त्विक नाही.

इथे अस्तित्ववादाची कसोटी लागते. सार्त्र यांच्या विचारात आत्मवंचनेला मोठे स्थान आहे. माणूस आपले स्वातंत्र्य स्वतःपासूनच लपवतो, ठरावीक भूमिकेच्या आड दडतो, तेव्हा तो स्वतःला फसवत असतो. मग जात लपवणारा तरुण आत्मवंचना करतो का? माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. त्याला सत्य पुरते ठाऊक आहे. तो खोटे बोलतो ते छप्परासाठी. आत्मवंचना असलीच तर ती घरमालकाची आहे. कालपर्यंत ज्याच्याशी गप्पा मारल्या, ज्याचे गुण पाहिले, तो माणूस एका शब्दाने बदलला असे तो स्वतःला पटवून देतो. डोळ्यांनी पाहिलेले नाकारून कानांनी ऐकलेल्या जातीवर विश्वास ठेवतो. स्वतः निवड करतो आणि 'रीतच आहे' म्हणून हात झटकतो.

यातून मानवी हक्कांविषयी एक मूलभूत गोष्ट कळते. स्वातंत्र्य माणसाच्या मनात असते हे खरे, पण त्या स्वातंत्र्याला राहायला जागा लागते, प्यायला पाणी लागते, शिकायला शाळा लागते. सत्याने जग, असे कोणाला सांगण्याआधी सत्य सांगितल्यावर त्याचे छप्पर टिकेल याची हमी समाजाने द्यायला हवी. ती हमी म्हणजेच मानवी हक्क. ते कोणी उपकार म्हणून देत नाही.

जात आणि वंश

आता एका जुन्या वादाकडे येतो. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात संयुक्त राष्ट्रांची वंशद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून जातीचा प्रश्न या परिषदेच्या कक्षेत येत नाही, अशी भारत सरकारची भूमिका होती. आपल्यावर होणारा हा अन्याय जगाने ऐकावा, असे दलित संघटनांचे म्हणणे होते.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीच १९३६ साली जातिनिर्मूलनावरच्या आपल्या न झालेल्या भाषणात सांगितले होते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असे त्यांनी दाखवले. तेव्हा सरकारचे विधान शब्दशः खरे होते. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, कारण वंश हीसुद्धा निसर्गातली पक्की वस्तू नाही. माणसांची कप्प्यांत विभागणी करून त्यांना वरखाली लावण्याला जीवशास्त्राचा आधार नाही, हे युनेस्कोने १९५० सालापासून वेळोवेळी सांगितले आहे. गोऱ्याने काळ्याकडे पाहण्याची रीत म्हणजे वंश, आणि वरच्याने खालच्याकडे पाहण्याची रीत म्हणजे जात. दोन्ही माणसांनी घडवल्या, दोन्हींना निसर्गाचे किंवा ईश्वराचे नाव दिले, दोन्ही लग्नावर पहारा ठेवून टिकल्या. जात आणि वंश एक नाहीत. त्यांचा अपराध एक आहे.

कायदाही हेच सांगतो. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली स्वीकारला. वंशभेदाच्या त्याच्या व्याख्येत वंश, रंग, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांबरोबर 'कुळ' हा आधारही आहे, आणि तो भारताच्याच सूचनेवरून आला. २००२ साली या कराराच्या समितीने स्पष्ट केले की, कुळावर आधारलेल्या भेदभावात जातिभेद येतो.

महाराष्ट्राला हे नाते फार आधी कळले होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या निवेदनाची प्रत मागितली. दोन्ही समाजांच्या स्थितीत फार साम्य आहे, असे त्यांनी त्यात नमूद केले. १९७२ साली मुंबईत तरुण कवी-लेखकांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

उलट दिशेनेही हे कळले. अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले. केरळातल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी दलित मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतले एक अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातल्या कोट्यवधी कृष्णवर्णीयांची स्थिती त्यांनी आठवली आणि मनाशी कबूल केले की होय, मी अस्पृश्यच आहे. पुढे प्रवचनात त्यांनी ही हकिकत स्वतः सांगितली. दुसऱ्याच्या दुःखाचे नाव आपल्या दुःखाला लावून घेण्याचे धैर्य त्यात आहे.

जाहीरनाम्याच्या मागे

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा स्वीकारला. विरोधात एकही मत पडले नाही, पण आठ देश तटस्थ राहिले. त्यांत दक्षिण आफ्रिका होती. तिथे त्याच वर्षी वर्णभेदाला अधिकृत धोरण मानणारा पक्ष सत्तेवर आला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या छळाचा प्रश्न भारताने १९४६ सालीच संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू नये, 'सर्व मानव' असेच म्हटले जावे, यासाठी भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

जाहीरनाम्याच्या घडणीत लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांचाही मोठा वाटा होता. ते तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते आणि जर्मनीत मार्टिन हायडेगर यांच्याकडे शिकले होते. ज्या हायडेगर यांच्या ग्रंथातून अस्तित्ववादाने इतके घेतले, ते स्वतः १९३३ साली नाझी पक्षाचे सभासद झाले. एकाच वर्गातून एका बाजूला वंशद्वेषी सत्तेचा सभासद निघतो आणि दुसऱ्या बाजूला मानवी हक्कांचा शिल्पकार, ही गोष्ट आपण डोळे उघडे ठेवून पाहिली पाहिजे. ग्रंथ माणसाला वाचवत नाहीत. खोल विचार करणारा माणूसही शेजाऱ्याचा विश्वासघात करू शकतो. म्हणून तत्त्वज्ञानाची परीक्षा शेवटी वागण्यातच होते, आणि म्हणूनच केवळ विचारांवर विसंबून न राहता कायदा लागतो. आपल्या संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १५व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणारा भेदभाव मना केला. १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. या प्रत्येक कलमाच्या मागे कोणीतरी कुठल्यातरी बंद दारासमोर बसलेला आहे.

आपली जबाबदारी

शेवटी आपल्याकडे येतो. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्धच्या आंदोलनाच्या धास्तीने नाशिकमधून हजारो कामगार गाठोडी बांधून रेल्वे स्थानकावर आले आणि गावी परतले. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले आणि अनेकांनी शहर सोडले. २०२० साली त्याच तरुणांना देशभर रस्त्यात कोरोना म्हणून हिणवले गेले. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव तिच्या बापानेच घेतला. त्या घटनेनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला, असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. लग्नाच्या जाहिरातीतली गोरी वधू, शाळेतल्या सावळ्या मुलीला मिळणारे टोपणनाव, भाड्याच्या घरासाठी फोन केल्यावर आधी विचारले जाणारे आडनाव, या गोष्टी बातमीत येत नाहीत. रोजचा वंशद्वेष असाच असतो.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, आम्ही कोणाला मारले नाही, हाकलले नाही. १९४६ साली जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्या देशबांधवांच्या नेमक्या याच म्हणण्याला प्रश्न विचारला. त्यांची पत्नी यहुदी होती, नाझींनी त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती. त्यांनी सांगितले की, गुन्हा ज्याने केला त्याचाच, तो साऱ्या समाजाच्या माथी मारता येत नाही. पण ज्या राज्यात आपण राहतो त्याच्या कृत्यांची राजकीय जबाबदारी सर्वांची, आणि डोळ्यांदेखत अन्याय होताना गप्प बसल्याची नैतिक जबाबदारी ज्याची त्याने आपल्या मनाशी तपासायची. आजोबांनी दरवाजा बंद केला हा नातवाचा गुन्हा नाही. आज तो दरवाजा कुठे कुठे बंद आहे हे न पाहणे, ही मात्र नातवाची निवड आहे. अस्तित्ववाद आपल्याला एवढेच बजावतो की न निवडणे हीही निवड असते.

पदरी पडलेल्या जन्माला शेवटचा शब्द होऊ न देण्याचे काम येवल्याने दलितांच्या वतीने केले. उरलेले काम आपले आहे. ज्यांच्या पदरी जन्माने मान पडला, त्यांनी त्या मानालाही शेवटचा शब्द होऊ देऊ नये. मी ज्या घरात जन्मलो ते माझ्या हाती नव्हते, पण त्या घराचा दरवाजा कोणासाठी उघडतो हे माझ्या हाती आहे, असे प्रत्येकाने म्हणावे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. आपल्या मुलांना, विद्यार्थ्यांना एकदा काळाराम मंदिरात न्या, तिथे १९३० साली काय घडले ते सांगा, आणि मग येवल्याला, जिथे १९३५ची ती घोषणा झाली त्या मुक्तिभूमीवर न्या. आपल्या सोसायटीच्या बैठकीत, मंदिराच्या विश्वस्त मंडळात, शाळेच्या समितीत जन्मावरून कोणाची वाट अडवली जात असेल तर तिथेच, त्याच बैठकीत उठून बोला. नंतर हळहळण्याचा उपयोग नाही. लग्न जमवताना रंग विचारू नका. आणि उद्या घर भाड्याने द्यायचे असेल तर येणाऱ्याला भाडे किती जमेल ते विचारा, आडनाव विचारू नका.